पाणी नसताना पाहावी अशी भिंत

पावसाळ्यात आमच्या खात्यात एकच चौकशी चालायची : "नर-मादी सुरू झाले काय?" बाहेरगावच्या माणसाला याचा अर्थ लागणार नाही. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर जुना दगडी बंधारा आहे. त्याच्या दोन सांडव्यांतून पाणी खाली कोसळतं. एकाला नर म्हणतात, दुसऱ्याला मादी. नळदुर्गच्या वरच्या अंगाला आताचं बोरी धरण आहे. ते भरून सांडलं की पाणी किल्ल्यात शिरतं, नर-मादी वाहू लागतात, आणि तेच पाणी पुढं आमच्या अक्कलकोट तालुक्यात उतरून कुरनूरच्या धरणात साठतं. हरणा नदीही तिथंच पाणी आणते. कुरनूर भरलं की अक्कलकोट, मैंदर्गी आणि दुधनी या तिन्ही गावांचा उन्हाळा निभतो. नळदुर्गहून कुणाचा तरी फोन यायचा, "दोन्ही चालू आहेत." त्या तीन शब्दांवर आम्ही सगळ्यांना चहा सांगायचो.

मी मैंदर्गीत एकतीस वर्षं व्हॉल्वमन होतो. गावात 'वॉलवाला' म्हणतात. पहाटे उठायचं, लोखंडी लांब चावी खांद्यावर टाकायची, चेंबरचं झाकण उचलायचं, ज्या गल्लीची पाळी असेल तिचा वॉल सोडायचा, वेळ झाली की बंद करून पुढच्या चेंबरकडं निघायचं. आमच्या घरात कन्नड, शाळा मराठी, शेजारी दखनी. तिन्ही भाषांत पाण्याची विचारपूस कानावर यायची. 'हौद' हा शब्द आमच्याकडं दोन कामं करतो. मराठीत तो पाण्याचा, कन्नडात त्याचा अर्थ 'होय'. दारातून एखादी आज्जी विचारायची, "नीर बंतेन तम्मा?" पाणी आलं का, बाळा? मी चेंबरवर वाकलेला, मान वर न करताच म्हणायचो, "हौद."

२०१६ सालचा एप्रिल मला विसरता येत नाही. त्या महिन्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यायला सुरुवात झाली होती. आमच्याकडंही टाकी भरायला दिवसच्या दिवस लागत. एका पहाटे पाणी सोडलेलं असताना वरच्या गल्लीतून हाक आली, मी घाईत होतो, आणि वॉल झपाझप फिरवून बंद केला. तसं करायचं नसतं, हे मला नोकरीच्या पहिल्या महिन्यात शिकवलं होतं. पाणी लाइनीतून धावत असतं. पुढची वाट एकदम बंद झाली की मागून येणारं पाणी तिथं आदळतं, आणि तो हिसका उलटा मागं पळतो. जिथं सांधा कच्चा असेल तिथं लाइन उघडते. म्हणून वॉल थोडा फिरवायचा, थांबायचं, नळीचा आवाज ऐकायचा, मग पुन्हा थोडा फिरवायचा. मी ऐकलं नाही. दोन गल्ल्या सोडून पलीकडं जमिनीतून धप्प असा आवाज आला.

मुख्य वॉल बंद होईपर्यंत टाकी अर्ध्याहून खाली गेली होती. रस्त्याच्या खड्ड्यात साचलेलं पाणी बायका तांब्यानं घागरीत भरत होत्या. एक म्हातारी पदराचं टोक गाळणीसारखं घागरीच्या तोंडावर धरून बसली होती. तीन गल्ल्यांची पाळी त्या खेपेला चुकली. मी प्रत्येक दारात जाऊन सांगितलं की चूक माझी आहे. सांगितल्यानं कुणाची घागर भरली नाही.

त्यानंतरच्या मे महिन्यात साडूच्या घरी कार्य होतं म्हणून नळदुर्गला गेलो. अक्कलकोटला एसटी बदलली. आयुष्यभर ज्या गावचं नाव पाण्यासाठी घेतलं, तिथला किल्ला मी पंचावन्न वर्षांत पाहिलेला नव्हता. दुपारी जेवणं उरकून मंडळी मांडवात आडवी झाली, आणि मी एकटाच चालत निघालो.

मेमध्ये, तेही चारच्या उन्हात, किल्ल्यात कोण येणार? दरवाजापाशी पुरातत्त्व खात्याचा फलक होता. हे राज्य संरक्षित स्मारक आहे, नासधूस केली तर शिक्षा होईल, अशा अर्थाचा. आत गेल्यावर वाट वळत जाते. दोन्ही अंगांना काळ्या दगडाचा तट, पुढं काय आहे ते वळल्याशिवाय दिसत नाही. शत्रूला सरळ धावता येऊ नये म्हणून ती वळणं असतात, हे पुस्तकात वाचलेलं होतं. त्या दिवशी मात्र त्या वळणांनीच माझी चाल मंदावली. तटाला एकशे चौदा बुरूज आहेत असं सांगतात. मी मोजले नाहीत. किल्ला मुळात कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातला मानतात, पुढं बहामनी, मग विजापूरचे आदिलशहा. नळ-दमयंतीच्या नळराजाशीही लोक त्याचं नाव जोडतात. आज दिसते ती दगडी तटबंदी बव्हंशी आदिलशाहीतली आहे.

वाटा मात्र चालण्यासारख्या झाल्या होत्या. साडूचा मुलगा सांगत होता, त्याच्या लहानपणी आत काटेरी बाभळी माजलेल्या होत्या आणि बुरुजापर्यंत जायला कोयता लागायचा. २०१४ साली शासनानं संगोपन योजनेतून किल्ल्याची देखभाल सोलापूरच्या एका कंपनीकडं दिली, तेव्हा झाडोरा निघाला, पायवाटा बांधल्या, बागा झाल्या. बागांपेक्षा पायवाटेचं मोल मला जास्त वाटतं. एवढ्या पसरलेल्या किल्ल्यात आखलेली वाट नसेल तर माणूस दिसेल तिथून चढतो, आणि चढताना चारशे वर्षं बसलेला दगड हलवतो. वाट असली की पाय तिच्यावर राहतात.

मी उपळी बुरुजावर चढलो. किल्ल्यातली ही सगळ्यांत उंच जागा. वर लांबलचक तोफा आहेत, पण माझं लक्ष खाली होतं. बोरीचं पात्र पूर्ण कोरडं होतं. पांढरे गोटे, मधूनमधून हिरवट डबकी, आणि पात्र अडवून उभी असलेली ती भिंत. भिंतीच्या पलीकडं रणमंडळ, म्हणजे जोडकिल्ला. त्या दोन्ही किल्ल्यांना जोडणारी वाट बंधाऱ्याच्या माथ्यावरूनच जाते.

लोक ज्याला पाणीमहाल म्हणतात तो बंधाऱ्यावर उभं राहिलं तरी दिसत नाही. तो आपल्या पायाखाली असतो, भिंतीच्या पोटात. जिना उतरून खाली गेलो. बाहेर अंग भाजत होतं, आणि पंधरा-वीस पायऱ्यांत हवा एवढी गार झाली की घाम अंगावरच थंड पडला. आत कमानीच्या खोल्या, आणि नदीच्या उताराकडं उघडणाऱ्या खिडक्या. वरच्या अंगाला अडवलेली नदी, खालच्या अंगाला ती कोसळणार, आणि त्या दोहोंच्या मधे माणसानं बसायची जागा. सांडवे वाहत असतात तेव्हा या खिडकीसमोरून पाण्याचा पडदा जातो.

भिंतीत फारसी शिलालेख आहे. मला ती लिपी येत नाही, पण त्याचा अर्थ ठाऊक असलेली माणसं नळदुर्गात बरीच आहेत. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या कारकिर्दीत, हिजरी १०२२ मध्ये, म्हणजे इसवी सन १६१३ साली हे काम झालं, आणि करणाऱ्याचं नाव मीर इमादीन. हा महाल पाहून मित्रांचे डोळे उजळतील आणि शत्रूंच्या डोळ्यांपुढं अंधारी येईल, असा काहीसा त्यातला आशय. मला त्या मजकुरापेक्षा नाव महत्त्वाचं वाटलं. पाण्याचं काम करणाऱ्याचं नाव कुठं कोरलेलं असतं? राजाचं असतं, मंत्र्याचं असतं, उद्घाटनाच्या फरशीवर हल्ली सगळ्यांचंच असतं. ज्यानं माप घेतलं, चुना मळवून घेतला, दगड कुठला कुठं बसवायचा ते ठरवलं, त्याचं नाव इथं चार शतकं टिकून आहे. मी त्या अक्षरांपुढं बराच वेळ उभा राहिलो.

मग मी सांधे पाहू लागलो. ही माझ्या कामाची सवय. कुठंही पाण्याचं बांधकाम दिसलं की आधी सांधा बघायचा, गळती तिथंच असते. बोट फिरवत गेलो. दगड असा घडवून बसवलेला की फटीत नख जेमतेम शिरत होतं. एका कोपऱ्यात ओल होती, बोटाला पांढरट खार लागला. बाकी भिंत कोरडी. उन्हाळ्यात ती कोरडीच असणार, हे मलाही कळत होतं. पण चारशे पावसाळ्यांच्या पुराचा हिसका या सांध्यांनी झेललेला होता, आणि माझा एक सांधा एका पहाटे गेला होता.

खिडकीतून वाकून खाली बघितलं. बंधाऱ्याची उंची सुमारे नव्वद फूट सांगतात. कोरडा असल्यामुळं सांडव्याचा सगळा मार्ग उघडा दिसत होता. पाणी कुठून घेतलं, कुठं कडेला घातलं, भिंतीपासून किती लांब सोडलं. पावसाळ्यात इथं फेसाखेरीज काही दिसत नाही. त्या दिवशी मला नीट दिसलं की पुराचं पाणी पूर्ण भिंतीवरून उधळू दिलेलं नाही. त्याला जागा नेमून दिली आहे, आणि त्या जागी दगडांचं बांधकाम तसंच तयारीचं आहे. मी जे चावीनं करतो, फिरवून, थांबून, आवाज ऐकून, ते इथं कुणीतरी दगडात आधीच करून ठेवलं होतं. पूर रात्री येवो, पहाटे येवो, चावी फिरवायला माणूस असो नसो.

परत जाताना संध्याकाळ झाली. साडूनं विचारलं, एवढा वेळ कुठं होतात? मी म्हणालो, कामावर.

पुढं मला याचा नादच लागला. विजापूर आम्हाला पुण्यापेक्षा कितीतरी जवळ. तिथं लोक गोल घुमट बघून परत फिरतात. मी गावभर उभे असलेले 'गंज' बघत हिंडलो. आदिलशाहीत तोरवीहून आणि बेगम तलावातून शहराला जमिनीखालून पाणी आणलं होतं. त्या वाटेवर ठरावीक अंतरावर दगडी मनोरे बांधले, तेच गंज. नळातून आलेलं पाणी मनोऱ्यात वर चढायचं, तिथं त्याचा जोर मोडायचा, गाळ तळाला बसायचा, आणि पाणी शांत होऊन पुढच्या टप्प्याला निघायचं. एवढंच करायला आम्ही आज एअर व्हॉल्व्ह बसवतो, दाब कमी करायच्या टाक्या बांधतो. त्यांच्या हातात लोखंडी नळ नव्हता, रबरी वायसर नव्हतं. दगड, चुना, भाजलेली माती आणि पाण्याचा स्वभाव ठाऊक असलेली माणसं होती. एका गंजाला पाठ टेकून मी भाकरी खाल्ली. त्या कामगारांपैकी कुणी तरी असंच केलं असणार.

नळदुर्गावर नंतर मिळेल ते वाचलं. १८५३ साली निजामाकडून हा भाग इंग्रजांकडं गेला तेव्हा मेडोज टेलर इथं मोठा अधिकारी म्हणून राहिला, चारेक वर्षं. ठगांवरची त्याची कादंबरी प्रसिद्ध आहे. या किल्ल्याचं आणि बंधाऱ्याचं वर्णन त्यानं आपल्या आत्मकथनात केलं आहे. १८६० मध्ये मुलूख निजामाला परत गेला. पुढं १९०४ पर्यंत जिल्ह्याचं नावही नळदुर्गच होतं, मग उस्मानाबाद झालं, आता धाराशिव. राज्यं बदलली, जिल्हे बदलले, आमचा तालुका आणि त्यांचा तालुका वेगळ्या जिल्ह्यांत पडला. नदीनं मात्र वाट बदलली नाही, त्यामुळं आम्ही त्यांच्या पाण्याचे हिस्सेदार राहिलो.

निवृत्तीनंतर मी दरवर्षी कुणाला ना कुणाला घेऊन तिथं जातो. आधी घरातली माणसं, मग कामावरचे सोबती, मग गावातल्या एका शाळेची मुलं. सगळ्यांना एकच आग्रह करतो, एकदा उन्हाळ्यात चला. ऐकत कुणी नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात नर-मादी सुरू झाल्याचे व्हिडिओ मोबाइलवर फिरू लागले की सोलापूर, लातूर, गुलबर्ग्याच्या गाड्या रांग लावतात. त्या दिवसांत किल्ल्यात पाय ठेवायला जागा नसते. लोक पायवाट सोडून तटावर चढतात, पाण्याकडं पाठ करून फोटो काढतात आणि निघून जातात. पाणी सुंदर दिसतं, मीही ते बघायला जातो, अंगावर तुषार घेतो. पण त्या पाण्यामुळं भिंत दिसत नाही, आणि तिथं जपायची आहे ती भिंत. जो माणूस एकदा कोरड्या बंधाऱ्यावर चालला, ज्यानं जिन्यातला गारवा अंगावर घेतला, सांध्यावर बोट फिरवलं, तो पुन्हा कधी त्या दगडावर नाव कोरणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

नाव कोरणारा मी पाहिला आहे. कॉलेजातला पोरगा होता, गाडीच्या चावीनं महालाच्या खिडकीशेजारी दोन अक्षरं ओढत होता. माझा हात आपोआप त्याच्या मनगटावर गेला. तो चिडला. मी त्याला म्हणालो, "बाळा, हा बांध कुणाच्या मालकीचा नाही असं समजू नकोस. यावरून पडलेलं पाणी मी एकतीस वर्षं लोकांच्या घागरीत सोडलंय." त्याला काय समजलं कोण जाणे. चावी खिशात घालून तो गर्दीत गेला. अक्षराचा पहिला ओरखडा तिथं आजही आहे. मी प्रत्येक खेपेला तो शोधतो आणि मला तो दर वेळी सापडतो.

शाळेची सहल होती ती अशाच एका सप्टेंबरातली. नर आणि मादी दोन्ही जोरात होते, आवाजात एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. मुलं कठड्याशी ओरडत होती. पाचवीतली एक मुलगी मात्र गप्प उभी होती. तिचं घर मी जिथं पाणी सोडत होतो त्याच पट्ट्यातलं. तिच्या घरी कन्नड, वर्गात मराठीत ती कमी बोलायची. ती माझा सदरा ओढून कन्नडातच म्हणाली, "अज्जा, ई नीर नम्मूरिगे बर्तदेन?" हे पाणी आपल्या गावाला येतं का?

मी तिला बाजूला घेतलं, जिथं आवाज कमी होता. खाली बसलो आणि वाटेवरच्या ओल्या मातीत काडीनं रेघ ओढली. हा किल्ला. इथून नदी खाली जाते. हे कुरनूर, इथं पाणी थांबतं. हिवाळाभर तिथंच राहतं. मग वरचेवर थोडं थोडं नदीत सोडतात, बंधारे भरून घेतात. तिथून ते उपसायचं, तुरटी टाकून निवळायचं, जंतू मारायला ब्लिचिंग टाकायचं, टाकीत चढवायचं. मग वॉल सोडायचा, आणि तुझ्या गल्लीच्या तोंडाशी जो चेंबर आहे ना, लिंबाखालचा, त्यातून ते तुझ्या दारात.

तिनं बोटांवर महिने मोजले. "अंद्र, एप्रिलला?" म्हणजे एप्रिलमध्ये?

"एप्रिलला. कदाचित मार्चला."

तिनं मागं वळून पाण्याकडं एकदा बघितलं, मग माझ्या मातीतल्या रेघेकडं. दुसरी मुलं येऊन त्या नकाशावर पाय देणार तेवढ्यात ती दोन्ही हात पसरून आडवी उभी राहिली. सहल निघेपर्यंत ती तिथंच थांबली होती.

हिवाळा गेला. माझ्या जागेवर आता दुसरा माणूस आहे, चांगला आहे, वॉल हळू फिरवतो, मी लांबून आवाज ऐकतो. एप्रिलमध्ये एका सकाळी बाजारातून येताना लिंबाखालचं झाकण उघडं दिसलं. गल्लीत घागरी लागल्या होत्या. ती मुलगी दारातल्या नळापाशी उकिडवी बसलेली होती. नळानं आधी हवा सोडली, खोकल्यासारखी, मग गढूळ धार, मग स्वच्छ. तिनं घागर लगेच लावली नाही. ओंजळ धरली, पाणी बघितलं, आणि मला रस्त्यावर उभा पाहून तिथूनच ओरडून विचारलं, "अज्जा, इदे ऐतेन?" तेच का हे?

"हौद," मी म्हणालो.